स्टँड नवा होतोय, करार वाचलाय का?

आज एसटी स्टँडबद्दल बोलू या. मार्च २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट झालं आणि स्टँडवर बायकांची वर्दळ वाढली. बाजार, बँक, दवाखाना, माहेर, सगळं एसटीनंच.

आता ठिकठिकाणी जुनी स्टँडं पाडून ‘बीओटी’वर नवी बांधतात. बीओटी म्हणजे बांधा, वापरा, हस्तांतरित करा. जागा महामंडळाची, पैसा खासगी बिल्डरचा. तो स्टँड बांधून देतो आणि तिथंच गाळे काढून ठरलेल्या मुदतीपर्यंत त्यांचं उत्पन्न घेतो. यात वावगं काही नाही. गळक्या पत्र्याखाली लेकरू घेऊन आपणच उभ्या राहिलोय. पण गाळ्याचं भाडं येतं, बायकांच्या मुतारीतून काय येणार? मग गाळे रस्त्याला लागून आणि मुतारी मागं, अंधारात.

मुंबईत २०११ पासून बायकांनी ‘राइट टू पी’ मोहीम चालवली, ती याचसाठी. पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईकडून पैसे! आमच्या गटातल्या भाजीवाल्या तर दिवसभर पाणीच पीत नाहीत. पाच रुपये वाचतात, पण लघवीची जळजळ मागं लागते.

बिल्डर करारात लिहिलेलं तेवढंच करणार. म्हणून आम्ही म्हणतो, उद्घाटनाला हळदीकुंकवासारखं नटून जाण्याआधी करार मागा. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तीही नाही. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. याच कायद्यात चालू कामाची पाहणी करण्याचाही हक्क आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

करारात काय बघायचं? बायकांची मुतारी फुकट आहे का, आणि ती रोज कोण धुणार. रात्रीच्या शेवटच्या गाडीपर्यंत दिवे राहणार का. बाळाला पाजायला हिरकणी कक्ष आहे का, आणि त्याची किल्ली कुणाकडे. बचत गटाला परवडेल असा एखादा गाळा ठेवलाय का. आणि यातलं काही केलं नाही तर दंड किती? दंडाचं कलम नसेल तर आधी तेच मागायचं, आणि सही व्हायच्या आत. एकदा सही झाली की वर्षानुवर्षं तोच करार.

आम्ही अर्जाचा नमुना तयार केलाय. प्रभागसंघाच्या पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटानं आपल्या स्टँडवरच्या अडचणी लिहून आणा. लिहिता येत नसेल तर सांगा, आम्ही लिहून घेऊ.