आसरा, चकवा आणि फवारा



भावाची आणि कर्जाची चर्चा सकाळी झाली. दुपारच्या बैठकीत मी भुताखेतांचा विषय मागून घेतला आहे. हसू नका. रानात माणसे आणि ढोरे फुकट मरतात, त्यांचा हिशोब मांडायचा तर इथूनच सुरुवात करावी लागते.

आमच्या लहानपणी गावातल्या प्रत्येक जागेला कुणी ना कुणी धनी होता. विहिरीत सातीआसरा, पिंपळावर मुंजा, धुऱ्यावर म्हसोबा आणि रात्रीच्या रानात चकवा. आसरा म्हणजे सात बहिणी. विहिरीच्या काठाला शेंदूर लावलेले सात दगड, त्यांच्यापुढे हिरवा खण, हिरव्या बांगड्या, दहीभात. भर दुपारी आणि दिवेलागणीनंतर पोरांनी विहिरीत वाकायचे नाही, असा आजीचा दंडक होता. वाकले की आसरा ओढून नेतात.

एका उन्हाळ्यात पडीक विहिरीचा गाळ काढायला एक गडी उतरला. तळाशी पोचला, खाली बसला, तो उठलाच नाही. त्याला काढायला त्याचा भाऊ उतरला, तोही आडवा झाला. गाव म्हणाले, आसरांनी दोघे नेले, आता पाच राहिले. पुढे कितीतरी दिवस आम्ही पोरे पाच मोजत होतो.

शेतकी कॉलेजात गेल्यावर कळले की पालापाचोळा कुजून जो वायू तयार होतो तो हवेपेक्षा जड असतो. वापर नसलेल्या विहिरीत तो तळाशी साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. खाली गेलेल्या माणसाला ओरडायलाही सवड मिळत नाही. म्हणजे आजीने दाखवलेली जागा बरोबर होती, मारणारा निराळा होता. जुनी माणसे आधी कंदील सोडून पाहत, कडुलिंबाची डहाळी दोराला बांधून खालीवर हलवत. मंत्र म्हणून करत असोत की आणखी कशासाठी, त्याने हवा हलते. कंदील विझला तर उतरायचे नाही. आणि जळत राहिला तरी त्याच्यावर विसंबायचे नाही, कारण काही विषारी वायू ज्योतीला कळत नाहीत. कमरेला दोर, वर ओढायला चार माणसे. आणि पहिला पडला तर दुसऱ्याने मागून उडी घ्यायची नाही. हे शेवटचे सगळ्यात कठीण आहे. खाली सख्खा भाऊ पडलेला असतो.

चकव्याचेही तसेच. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, रात्र अंधारी, जागलीला निघालेला माणूस फिरून फिरून त्याच बाभळीपाशी येतो. जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी माणसांना जंगलात आणि वाळवंटात चालवून पाहिले आणि २००९ साली लिहिले की सूर्य किंवा चंद्र दिसेनासा झाला की माणूस सरळ चालतो आहे असे समजून गोल फिरतो. आपल्याकडचा उतारा काय होता? जागेवर बसा, विडी पेटवा, उजाडेपर्यंत हलू नका. बिनकठड्याच्या विहिरींच्या मुलखात याहून शहाणा सल्ला कुणी देणार नाही. (आता मोबाईलची बॅटरी आहे म्हणा. ती नेमकी चकव्याच्या वेळीच उतरते.)

पण उतारा नेहमी इतका शहाणा नसतो. पावसाने ताण दिलेली कोवळी ज्वारी नाहीतर कापणीनंतरचे फुटवे गाय खाते, फुगते, धाप टाकते, तासाभरात संपते. लोक म्हणतात म्हसोबा कोपला. जाणती माणसे म्हणतात किराळ लागला, आणि ती बरोबर म्हणतात. कोवळ्या ज्वारीतून जनावराच्या पोटात सायनाइड तयार होते. त्यावर इंजेक्शन आहे, पण नारळ फोडण्यात अर्धा तास गेला तर ते कुणाला द्यायचे?

आता ज्यासाठी हा विषय मागितला ते सांगतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले. शेकडो दवाखान्यात पडले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीला आली होती, औषधाचे तुषार सरळ तोंडावर येत होते. फवारा मारून आलेला माणूस कसा दिसतो ते आठवा. घामाने निथळतो, तोंडातून लाळ गळते, अंग थरथरते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, बडबडतो, कुणाला ओळखत नाही. आजीने त्याला पाहिले असते तर तिने एकच शब्द उच्चारला असता: लागीर. मग भगत, लिंबू, अंगारा आणि हातातून गेलेले दोन तास.

२०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरवला आहे. फवाऱ्यासाठी तोच नियम गावाने आपल्या तोंडी करावा, कागदाची वाट पाहू नये. कपडे उतरवा, साबणाने अंग धुवा, लगेच दवाखान्यात न्या, आणि औषधाची रिकामी बाटली सोबत न्या. कोणते विष ते कळल्याशिवाय डॉक्टरला उतारा ठरवणे जड जाते. तो उतारा चिठ्ठीवर छापलेला असतो, पण अक्षर इतके बारीक की ते वाचायला आसराच यायला हव्यात. बाटलीवर लाल त्रिकोण असेल तर ते सर्वांत जहाल विष, एवढे निरक्षर माणसालाही ओळखता येते. ते विकणाऱ्याने घेणाऱ्याला तोंडी सांगितले पाहिजे, आणि नाही सांगितले तर त्याच्या दुकानासमोर बसायला आपल्याला येते.

आसरांचे सात दगड काढून टाका असे मी म्हणत नाही. त्या विहिरीत पोरे वाकत नाहीत, हे चांगलेच आहे. ज्या गोष्टीत शेवटी एखादी विधवा हडळ ठरते, ती मात्र माझ्यासमोर कुणी सांगू नये.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने बिनकठड्याच्या आणि पडीक विहिरींची यादी आणावी. सोबत जवळच्या कोणत्या दवाखान्यात फवाऱ्याच्या विषावरचे अॅट्रोपिनचे इंजेक्शन आज शिल्लक आहे, ते स्वतः जाऊन विचारून लिहून आणावे.