पोरबंदर ते सिल्चर : मुक्कामाची वेळ

(नभोवाणीवरील भाषण)

मोटारीने देश ओलांडण्याचा बेत दोन मित्र आखू लागले की नकाशावर त्यांचे बोट बहुधा कन्याकुमारीवर टेकते आणि तेथून वर श्रीनगरकडे सरकत जाते. या दक्षिणोत्तर मार्गाविषयी इतके लिहिले-बोलले गेले आहे की त्याची उजळणी करण्याचे येथे प्रयोजन नाही. प्रस्तुत भाषणाचा विषय त्या मार्गाला झाशीपाशी छेदून जाणारा दुसरा मार्ग हा आहे, म्हणजे गुजरातच्या किनाऱ्यावरील पोरबंदरपासून निघून राजस्थान, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, बिहार आणि पश्चिम बंगालचा चिंचोळा पट्टा ओलांडत आसामच्या बराक खोऱ्यातील सिल्चरला पोहोचणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक २७. त्याची लांबी सुमारे साडेतीन हजार किलोमीटर असून तो सात राज्यांतून जातो. गाडीची तपासणी, फास्टॅगमधील शिल्लक, विमा, जादा चाक, औषधांची पिशवी या गोष्टी श्रोत्यांना ठाऊक आहेत असे गृहीत धरून, या प्रवासाच्या आखणीत जवळजवळ नेहमीच विसरली जाणारी एकच बाब येथे मांडावयाची आहे, आणि ती बाब म्हणजे सूर्यास्त.

बेत आखणारे मित्र सहसा एकूण किलोमीटरांना हाताशी असलेल्या रजेच्या दिवसांनी भागतात, रोज पाचशे किलोमीटर असा आकडा काढतात आणि त्या आकड्यावर मुक्कामाची गावे बसवून हॉटेलांचे आरक्षणही करून टाकतात. हा भागाकार अंकगणित म्हणून बिनचूक असला तरी प्रवास म्हणून चुकीचा आहे, कारण त्यात दिवस मावळण्याची वेळ कोठेच येत नाही, आणि ही वेळ पूर्व-पश्चिम प्रवासात रोज बदलत असते. पृथ्वीवरील एखादे स्थान किती पूर्वेस वा पश्चिमेस आहे हे ज्या उभ्या काल्पनिक रेषांनी मोजतात त्यांना रेखांश म्हणतात, आणि एका अंशाचे अंतर ओलांडण्यास सूर्याला चार मिनिटे लागतात. पोरबंदर साधारण साडेएकोणसत्तर अंश पूर्व रेखांशावर आहे, तर सिल्चर ब्याण्णव अंशांच्या पलीकडे. म्हणजे तेवीस अंशांचे, अर्थात दीड तासाचे अंतर. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच, कारण भारतीय प्रमाणवेळ, म्हणजे साऱ्या देशासाठी ठरवलेली सामाईक वेळ, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखांशावरून घेतलेली आहे. परिणामी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, जेव्हा दिवस आणि रात्र जवळजवळ समान असतात तेव्हा, पोरबंदरला सूर्य सातच्या सुमारास मावळतो आणि सिल्चरला साडेपाचच्या सुमारास. डिसेंबरात हीच वेळ पोरबंदरला सव्वासहाच्या आसपास आणि सिल्चरला साडेचारच्या आसपास येते. ज्या मित्रांनी पहिल्या दिवशी सौराष्ट्रात सायंकाळी साडेसहापर्यंत उजेडात गाडी हाकली आणि तोच वेळेचा अंदाज मनात धरून आठव्या दिवशी आसामात प्रवेश केला, त्यांना तेथे साडेसहाला गुडूप रात्र भेटते.

ज्या गावांत नळाला ठरावीक वेळीच पाणी येते तेथील घरात हा विचार वेगळा शिकवावा लागत नाही. पाणी आले की आधी पिण्याचा हंडा भरतो, मग स्वयंपाकाच्या कळश्या, मग न्हाणीघरातील पिंप, आणि अंगणात सडा घालणे, मोरी घासणे ही कामे पाणी गेल्यावर साठवणीतून होतात. नळ वाहत असताना अंगण धूत बसणाऱ्या सुनेला घरातली कोणतीही सासू ऐकवल्यावाचून राहत नाही. दिवसाचा उजेड हे असेच वेळ बांधून येणारे पाणी आहे. अनोळखी, लांब आणि वर्दळीचा टप्पा हा पिण्याचा हंडा असल्यामुळे तो सकाळीच भरला पाहिजे. वाटेतील किल्ला किंवा मंदिर पाहणे या कळश्या होत. आणि पेट्रोल भरणे, खर्चाची वही लिहिणे, घरी फोन करणे, दुसऱ्या दिवसाचा रस्ता विचारून ठेवणे ही अंगणाची कामे मुक्कामाच्या गावी दिव्याच्या उजेडात आरामात उरकता येतात. प्रत्यक्षात मित्रमंडळी नेमके उलट करतात. सकाळी नऊपर्यंत नाश्ता, दहापर्यंत छायाचित्रे, दुपारी धाब्यावर दीड तास, आणि नळ फुसफुसू लागला की हंडा घेऊन धाव. या उपमेत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. शहरात प्रत्येक पेठेची पाण्याची वेळ निराळी असते, आणि एका पेठेतून दुसऱ्या पेठेत राहायला गेलेला भाडेकरू जुन्या पेठेच्या वेळेवर विसंबला तर पहिल्याच दिवशी कोरडा राहतो. पोरबंदरहून सिल्चरला निघालेला प्रवासी रोज पेठ बदलणारा भाडेकरू आहे. त्याने प्रत्येक मुक्कामी नळाची वेळ नव्याने विचारून घेतली पाहिजे.

अंधारात गाडी चालविण्यास एवढी हरकत का, असा प्रश्न तरुण श्रोत्यांच्या मनात येईल, आणि चौपदरी महामार्गावर रात्री वाहतूक विरळ असल्याने अंतर लवकर कापले जाते असे ते म्हणतील. हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. गोरखपूरपासून गोपालगंजपर्यंतचा पट्टा उसाचा आहे. हंगामात तेथे मागचा दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर असतात, आणि महाराष्ट्रातील साखरपट्ट्यातील श्रोत्यांना अशी ट्रॉली अंधारात किती उशिरा दिसते हे सांगण्याची गरज नाही. दुभाजकाच्या चुकीच्या बाजूने येणारी दुचाकी, रस्त्यावर बसलेली गुरे, समोरच्याने खाली न केलेला प्रखर झोत ही संकटे दिवसाही असतात, परंतु दिवसा ती दुरून दिसतात. शिवाय डिसेंबर-जानेवारीत कानपूरपासून बिहारपर्यंत गंगेच्या मैदानावर दाट धुके उतरते आणि सकाळचे तासही खाऊन टाकते, म्हणजे दिवस दोन्ही टोकांनी आखूड होतो. पावसाळ्यात बिहारमध्ये कोसीचा पूर आणि आसामात हाफलाँगच्या डोंगरातील दरडी वाट अडवतात. म्हणून या मार्गासाठी फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च हा काळ सर्वांत सोयीचा, आणि त्याखालोखाल दिवाळीच्या मागचे-पुढचे आठवडे. महाराष्ट्रातील नोकरदार मात्र नाताळच्या सुट्टीतच निघतात. त्याला कोण काय करणार?

सोबतच्या मित्राचा प्रश्न येथेच येतो. दोघांनाही गाडी चालवता येत असेल तर पूर्ण दिवस आणि अर्धी रात्र आलटून पालटून चालवू, असा हिशेब मांडला जातो. व्यवसायाने वाहन चालविणाऱ्यांसाठी १९६१ च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमाने, म्हणजे बस-ट्रकवरील कामगारांच्या कामाचे तास ठरविणाऱ्या कायद्याने, सर्वसाधारणपणे दिवसाला आठ तासांची आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. हौसेने निघालेल्या दोन मित्रांवर असा कोणताही कायदा लागू नसल्यामुळे त्यांनी तो एकमेकांवर लागू करून घ्यावा. त्यातील महत्त्वाचे कलम असे असावे की थांबण्याचा निर्णय चाकावर नसलेल्याचा राहील. जो चालवीत असतो त्याला नेहमीच आणखी तीस किलोमीटर जमतील असे वाटते. शेजारी बसलेल्याला त्याच्या जांभया मोजता येतात. नळावर एकाने हंडा लावायचा आणि दुसऱ्याने घड्याळाकडे पाहायचे, अशी ही विभागणी आहे. मैत्रीत असा हुकूम चालविणे अवघड वाटते हे मान्य केले, तरी निघण्यापूर्वी ठरलेला नियम वाटेतल्या वादापेक्षा सुसह्य असतो. पैशांबाबत एवढेच पुरे की सामाईक पाकीट एक असावे आणि वही रोज लिहिली जावी.

मराठी प्रवाशांना या मार्गावर रेंगाळण्याचे एक खास कारण आहे आणि ते आखणीत आधीच धरले नाही तर सूर्यास्ताचे गणित हमखास कोसळते. शिवपुरी, झाशी आणि कानपूर ही तीन गावे महामार्गावर ओळीने येतात. शिवपुरीस १८ एप्रिल १८५९ रोजी तात्या टोपे यांना फाशी देण्यात आले. झाशीचे नेवाळकर राजघराणे मूळचे रत्नागिरीकडील. आणि कानपूरजवळ गंगाकाठच्या बिठूर येथे दुसऱ्या बाजीरावाने १८१८ नंतरचे आयुष्य काढले व तेथेच १८५१ मध्ये त्याचा अंत झाला. पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे आपल्या काकांसमवेत १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले, बायजाबाई शिंदे यांच्या नियोजित यज्ञातील दक्षिणेच्या आशेने, आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. हा ग्रंथ ज्यांनी वाचला आहे त्यांना झाशीचा किल्ला अर्ध्या तासात पाहून पुढे सरकणे जमणार नाही, आणि जमूही नये. परंतु शिवपुरी ते कानपूर हे अंतर तीनशे किलोमीटरांच्या थोडे पुढे असल्याने आखणीत ते एका दिवसात टाकले जाते. चाकांना ते एका दिवसाचे आहे, माणसांना दोन दिवसांचे. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातील बहुतेक वास्तू सूर्यास्ताबरोबर बंद होतात, तेव्हा झाशीस मुक्काम करून दुसऱ्या सकाळी लवकर निघणाऱ्यालाच बिठूरचा घाट उजेडात दिसतो.

मुद्दा निसटू नये म्हणून पुन्हा सांगणे आवश्यक आहे. प्रत्येक मुक्कामाच्या गावी त्या तारखेचा सूर्यास्त किती वाजता आहे हे वहीत आधी लिहावे, त्यातून दीड तास वजा करावा, कारण टायर पंक्चर होणे, फाटक बंद असणे, वाट चुकणे यांतून कोणीही सुटत नाही, आणि उरलेल्या वेळेत ताशी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरच्या सरासरीने, चहापाणी धरून, जेवढे अंतर बसेल तेवढेच त्या दिवसाचे अंतर समजावे. असे केल्यास रोजचे साडेतीनशे किलोमीटर आणि एकूण दहा-अकरा दिवस येतात. रजा कमी असेल तर मार्ग लखनौपाशी संपवावा, पण दिवस ताणू नये. पूर्वेकडे जाताना उठण्याची वेळही रोज थोडी अलीकडे आणावी लागते, कारण तेथे जो उजेड सायंकाळी लवकर जातो तो सकाळी लवकर येतो. मार्चमध्ये सिल्चरला साडेपाचपूर्वीच उजाडते, तेव्हा आठ वाजता निघणाऱ्याने वाहत्या नळासमोर झोप काढलेली असते. आसामातील चहाच्या मळ्यांनी हे फार पूर्वी ओळखले असून तेथे ‘बागान टाइम’, म्हणजे प्रमाणवेळेच्या एक तास पुढे ठेवलेले मळ्याचे घड्याळ, वापरण्याची पद्धत आहे. मुझफ्फरपूर मागे पडल्यावर दोघा मित्रांनी आपल्या मनगटी घड्याळांना हीच दीक्षा द्यावी.

बिहारमधील टप्प्याविषयी पुष्कळ सांगण्यासारखे आहे, विशेषतः कोसी नदीने दोन तुकडे केलेल्या मिथिलेला निर्मलीजवळ २०१२ मध्ये रस्त्याच्या पुलाने पुन्हा कसे जोडले याविषयी, पण वेळेअभावी ते सोडावे लागते. सिलिगुडीजवळ देशाची रुंदी वीस-बावीस किलोमीटरपर्यंत आवळते आणि ईशान्येकडे जाणारी सारी वाहतूक त्या अरुंद पट्ट्यातून जात असल्यामुळे तेथे अंतराचा कोणताही अंदाज टिकत नाही. गुवाहाटीनंतरचा लुमडिंग–हाफलाँग–सिल्चर हा डोंगरी टप्पा सर्वांत शेवटी येतो, शरीर सर्वांत थकलेले असते आणि सूर्य सर्वांत लवकर मावळतो, या तिन्ही गोष्टींची एकाच ठिकाणी गाठ पडते. म्हणून तो एकाच दिवसात उरकण्याऐवजी हाफलाँगला मुक्काम करावा. जवळच जतिंगा गाव आहे, जेथे पावसाळा सरताना धुक्याच्या अंधाऱ्या रात्री पक्षी दिव्यांकडे खेचले जातात. त्याची कारणमीमांसा हा स्वतंत्र भाषणाचा विषय होईल. सिल्चरहून पुढे मिझोरामात उतरण्याचा मोह झाला तर इनर लाइन परमिट, म्हणजे बाहेरच्या भारतीय नागरिकाला त्या राज्यात प्रवेशासाठी घ्यावा लागणारा परवाना, आधी काढलेला असावा.

परतीचा विचार करण्यास आता फारसा अवधी उरलेला नाही. एवढेच नमूद करावयाचे की पश्चिमेकडे येताना सूर्यास्त रोज नऊ-दहा मिनिटांनी पुढे सरकतो, ही मिनिटे फुकटची वाटून मित्र त्यांत आणखी अंतर कोंबू लागतात, आणि जाताना पाळलेला नियम लखनौच्या अलीकडे सैल होतो. तेव्हा ती मिनिटे गाडी चालविण्यात खर्चावयाची की जाताना राहून गेलेल्या, राजस्थानच्या टप्प्यातील चित्तोडगडासाठी राखून ठेवायची, हे दोघांनी सिल्चरला असतानाच ठरवून वहीत लिहून ठेवावे.