धसकटे वेचल्यावाचून पेरणी नको

आज मी संगणकाविषयी बोलणार आहे. पण सुरुवात जोंधळ्यापासून करतो. जोंधळा काढला, कडबा बांधला, म्हणजे शेत मोकळे झाले का? धसकटे तशीच उभी असतात. वरून ती वाळलेली दिसतात; पण त्यांच्या पोटात खोडकिडीची अळी दडून बसलेली असते. ती न वेचता पुन्हा पेरले, की नव्या पिकाला कीड लागते आणि आपण मात्र बियाण्याला दोष देत बसतो. संगणकात नवा प्रोग्रॅम बसवताना पुष्कळदा हेच घडते.

गेल्या जून महिन्यातली गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी खेड्यातल्या शाळेत शिक्षक आहे. शाळेच्या संगणकावर मुलांचे निकालपत्रक तयार करणारा एक प्रोग्रॅम होता. त्याची नवी आवृत्ती बसवत असतानाच वीज गेली. वीज आल्यावर त्याने पुन्हा बसवायला घेतले, तर पडद्यावर सूचना आली, की या प्रोग्रॅमची दुसरी आवृत्ती आधीच बसवलेली आहे. उघडायला जावे, तर काही उघडेना. शेवटी वैतागून त्याने त्या प्रोग्रॅमचा अख्खा फोल्डर उचलला आणि रिसायकल बिनमध्ये, म्हणजे कचरापेटीत टाकला. तरी सूचना तीच!

मला म्हणाला, "सर, फोल्डरच ठेवला नाही. मग हा आहे आहे कशाला म्हणतो?"

मी म्हटलं, "अरे, गावात कुणाचं घर पावसात पडलं, म्हणून ग्रामपंचायतीच्या नमुना आठमधली नोंद आपोआप पुसली जाते का?"

आता असं पाहा. विंडोजमध्ये प्रोग्रॅम बसतो, तो एका जागी बसत नाही. त्याच्या मुख्य फाइली 'प्रोग्रॅम फाइल्स' या फोल्डरात जातात. त्याची माहिती आणि आवडीनिवडी 'प्रोग्रॅम डेटा' व 'ॲप डेटा' या फोल्डरांत राहतात. आणि त्याची नोंद होते रेजिस्ट्री नावाच्या मोठ्या वहीत. नवी आवृत्ती बसताना बहुधा ही वही पाहते. घर उभे आहे की पडले, ते पाहत नाही. शिवाय प्रोग्रॅम रीतसर काढणारा जो अनइन्स्टॉलर, तो पुष्कळदा त्याच मुख्य फोल्डरात असतो. तो फोल्डर हाताने फेकणे म्हणजे किल्ली विहिरीत टाकून कुलपाशी झटत बसणे.

आम्ही काय केले, ते क्रमाने सांगतो.

पहिले काम काढण्याचे नव्हे, जपण्याचे. कुणीतरी त्याला सल्ला दिला होता, की प्रोग्रॅमचे नाव शोधा आणि सापडेल ते सगळे पुसा. त्याने तसे केले असते, तर 'प्रोग्रॅम डेटा'त पडलेले मुलांचे तीन वर्षांचे गुण त्यातच गेले असते. ते आधी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले आणि उतरले की नाही, तेही पाहिले.

मग कचरापेटीतला फोल्डर जागेवर परत आणला. कचरापेटी रिकामी केली असती, तर जुनीच आवृत्ती पुन्हा एकदा बसवून पाहावी लागली असती. त्यानंतर 'सेटिंग्ज'मध्ये 'ॲप्स', तिथे बसवलेल्या प्रोग्रॅमांची यादी, आणि त्या यादीतून 'अनइन्स्टॉल'. एवढे झाल्यावर संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. ही पायरी गाळू नये, कारण वापरात असलेल्या काही फाइली त्याच वेळी सुटतात.

आता उरली धसकटे. वर सांगितलेले तिन्ही फोल्डर उघडून पाहावे. 'प्रोग्रॅम डेटा' आणि 'ॲप डेटा' एरवी दिसत नाहीत. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मधून लपलेल्या वस्तू दाखवायला सांगावे लागते. तिथे त्या प्रोग्रॅमच्या नावाचा फोल्डर राहिला असेल, तर लगेच पुसू नका. त्याच्या नावापुढे 'जुना' असे लिहा. नवा प्रोग्रॅम बसला, आठ दिवस नीट चालला, म्हणजे मग खुशाल पुसा.

दोन ठिकाणी मात्र हात आखडता घ्यावा. 'विंडोज' फोल्डराच्या आत 'इन्स्टॉलर' नावाचा एक लपलेला फोल्डर असतो. तो फुगलेला दिसतो, म्हणून कचरा वाटतो. पण प्रोग्रॅमांची दुरुस्ती करायला आणि ते काढायला त्यातल्या फाइली लागतात. दुसरे ठिकाण रेजिस्ट्री. बाकी सारे उपाय थकले, तरच आणि जाणकार शेजारी असेल, तरच तिला हात लावावा. तोही आधी तिची नक्कल काढून ठेवून. एका बटणात रेजिस्ट्री स्वच्छ करू म्हणणाऱ्या साधनांच्या नादी लागू नये.

आणखी एक गोष्ट. सूचनेबरोबर कधी एक आकडा येतो. तो वहीत टिपून ठेवा. १६३८ म्हणजे दुसरी आवृत्ती आधीच आहे. इथे धसकटे शोधायची. पण १६१८ म्हणजे दुसरे काहीतरी बसवणे चालू आहे. इथे साफसफाई नको, थोडे थांबायचे.

त्या दिवशी संध्याकाळी नवा प्रोग्रॅम बसला. पेन ड्राइव्हवरचे गुण परत जागेवर आले. माझ्या विद्यार्थ्याने चौथीचा निकाल उघडला, पहिल्या मुलीचे नाव वाचले, आणि मगच चहा मागवला. तुमच्याही शाळेत अशी वेळ आली, तर बियाण्याला बोल लावण्याआधी एकदा रानात फिरून या.