ज्याचा फोटो त्याला
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



1979 साली माझी बँकेतून तलासरीला बदली झाली. घरचे साताऱ्याला, इथली वारली बोली कळेना. संध्याकाळ खायला उठायची. म्हणून आगफा क्लिक-थ्री घेतला. आठवडे बाजारात विचारून फोटो काढायचे, रोल डहाणूला धुवायला द्यायचा, पुढच्या बाजारी प्रिंट ज्याची त्याला. अंगठा लावणाऱ्या खातेदाराच्या पासबुकाला तेव्हा फोटो लागे. सुकट विकणाऱ्या एका बाईंनी माझीच प्रिंट आणली, शेजारणीसकट! पासबुकाला ती चालली नाही, पण तेव्हापासून बाजारात मला बसायला गोणपाट मिळू लागलं.

सूनी तारापोरवाला यांनी हार्वर्डला शिकताना रूममेटकडून उसने पैसे घेऊन कॅमेरा घेतला आणि 1977 पासून मुंबई टिपली. त्या निदान आपल्या घरी परतल्या होत्या.

आपल्या बी विंगमधला ओडिशाचा मुलगा रात्रपाळी करून येतो. त्याच्या भाषेत बोलायला इथे कोणी नाही. तो मोबाईलवर येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोटो काढतो, अशी कमिटीकडे तक्रार आहे. ‘आधी विचार, मग प्रिंट दे,’ एवढंच मी त्याला सांगितलं. परवा वॉचमनला फोटो मिळाला, तो त्याने गावी बायकोला पाठवला. तक्रार मागे घ्यावी, ही विनंती.