दिवाणखान्यातील समुद्र

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले, तेव्हा समुद्र त्याच्या दाराशीच होता. गुरुग्रामची गोष्ट निराळी. तेथून खंबातचे आखात सरळ रेषेत मोजले तरी सुमारे ८०० किलोमीटर दूर! तरीही तेथील उंच इमारतींच्या दहाव्या-पंधराव्या मजल्यावर समुद्रातले मासे बाळगावेत, अशी हौस एखाद्या कोकण सोडून आलेल्या कुटुंबाला वाटली, तर त्यात नवल नाही.

खारे पाणी या प्रदेशाला अपरिचित नाही. जवळच्या सुलतानपूर-फर्रुखनगरच्या टापूत एकेकाळी विहिरींचे खारे पाणी उन्हात आटवून मीठ पिकवीत. परंतु जमिनीतला खारटपणा वेगळा आणि सागराचा वेगळा. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत खाण्याच्या मिठाखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि गंधकाचे क्षार ठरावीक प्रमाणात मिसळलेले असतात. म्हणून आर. ओ. यंत्रातून गाळलेल्या पाण्यात मत्स्यालयासाठी तयार मिळणारे सागरी मीठच विरघळवावे. स्वयंपाकघरातील मिठाने ते काम होत नाही.

साधेपणा म्हणजे लहान पेटी, असा नवख्याचा समज असतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. शंभर लिटरांच्या पेटीतून दहा लिटर पाणी उडून गेले, तर मीठ मागेच राहते आणि ३५ ग्रॅमांचे जवळजवळ ३९ ग्रॅम होतात. तेवढेच पाणी वीस लिटरांच्या पेटीतून गेले, तर खारटपणा दुप्पट! उत्तरेतील ज्येष्ठाची लू वाहू लागली की हा हिशेब डोळ्यांदेखत घडतो. पाण्याची ही तूट गोड्या पाण्याने भरावयाची असते, खाऱ्या नव्हे. आणि तीही रोज थोडीथोडी.

दुसरी गोष्ट धीराची. माशांच्या मलमूत्रातून व उरलेल्या अन्नातून विषारी अमोनिया निर्माण होतो. एका जातीचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात. दुसरे त्या नायट्राइटचे पुष्कळ सौम्य असे नायट्रेट बनवितात. ही अदृश्य वस्ती वसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पेटीत पाणी, वाळू, सच्छिद्र दगड आणि पाणी खेळते ठेवणारा पंप एवढेच असावे. पाहुण्यांना रिकामी पेटी दाखविण्याचा संकोच अनेकांना आवरत नाही, आणि त्याची किंमत मासे प्राणांनी मोजतात.

मग मासे किती? दोन पुरेत. विदूषक मासा काटक असतो. त्याची पैदास टाक्यांत करण्याचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने सिद्ध केले आहे. टाकीत जन्मलेला मासा मागून घ्यावा. प्रवाळखडकावरून पकडलेल्या माशापेक्षा तो पेटीत सहज रुळतो. प्रवाळ आणि समुद्रघोडा मात्र हौसेच्या यादीतून वगळावेत. २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण दिले आहे.

खाणे दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच घालावे. पंधरवड्याने दहावा हिस्सा पाणी बदलावे. नवे पाणी आदल्या दिवशी मीठ घालून ढवळून ठेवावे. उन्हाळ्यात पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि वीजही नेमकी तेव्हाच जाते. त्यासाठी बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप पेटीशेजारी असू द्यावा.