भाडेकरूचा काळा मासा

चाकणच्या आसपास आपल्यातल्या कितीतरी जणींनी खोल्या बांधून कंपनीतल्या पोरांना भाड्यानं दिल्यात. काम सुटलं की पोरं जातात. जाताना कुणी बादली ठेवतं, कुणी गादी. आमच्याकडचा एक पोरगा माशांची काचेची पेटी ठेवून गेला. "काकू, एवढे सांभाळा," म्हणाला आणि गेला.

पेटीत चार गोल्डफिश होते आणि काचेला चिकटून बसणारा एक काळा, खरखरीत मासा. पाणी गढूळ दिसलं म्हणून मी सगळं ओतलं, पेटी साबणानं घासली आणि नळाचं पाणी भरलं. सकाळी दोन गोल्डफिश मेलेले!

चूक माझीच होती. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते माशाच्या कल्ल्यांना सोसत नाही. शिवाय माशांची घाण पचवणारे चांगले जिवाणू पेटीतल्या वाळूत आणि फिल्टरमध्ये वाढलेले असतात. आपण साबणानं घासतो, तेव्हा तेही जातात. म्हणून पाणी उघड्या पातेल्यात एक दिवस ठेवायचं. आठवड्याला पेटीतलं पाव भागच पाणी बदलायचं. फिल्टर त्याच काढलेल्या पाण्यात खळबळायचा. साबण लावायचा नाही. खाणं दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच. उरलेलं कुजतं आणि पाणी नासतं.

राहिलेले मासे जगले. काळा मात्र वर्षभरात वीतभर झाला. त्याला सकर मासा म्हणतात. काचेवरचं शेवाळ खातो म्हणून दुकानातून बोटाएवढा आणतात, पण तो हातभर होतो. मला वाटलं, देहूला जाऊन इंद्रायणीत सोडावा. जीव वाचेल, पुण्यही लागेल.

तेवढ्यात आमच्या गटाची सहल भिगवणला गेली, उजनीचे पक्षी बघायला. तिथं एक मासेवाली ताई जाळं शिवत बसली होती. मी सहज विचारलं, तर म्हणाली, "सकर अडकतो बाई जाळ्यात. काटे असतात त्याला. जाळं फाडतो आणि बाजारात कुणी घेत नाही." मी गप्पच झाले.

आता हिशेब बघा. आपली इंद्रायणी लोणावळ्याकडून येते, देहू-आळंदीवरून तुळापूरला भीमेला मिळते. पिंपरी-चिंचवडची पवना मुळेला मिळते, आणि मुळा-मुठेचं पाणीही पुढं भीमेतच जातं. भीमा जाते उजनीत. म्हणजे आपण इथं पुण्य म्हणून सोडलेला मासा तिथं त्या ताईच्या जाळ्यात जाणार. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. अंगावर चिलखतासारखं कडक कवच, त्यामुळे त्याला खाणारे इथं थोडेच. एकदा नदीत वाढला की काढता येत नाही.

मग मी अंगणातला गुरांचा जुना हौद धुऊन घेतला आणि त्यात सकर ठेवला. अर्ध्या हौदावर सावली केली, कारण उन्हाळ्यात पाणी तापलं की मासे गुदमरतात. वरून जाळी टाकली, खंड्या आणि मांजर येऊ नये म्हणून, आणि मुख्य म्हणजे लहान पोरं पडू नयेत म्हणून. पावसाळ्यात हौद भरून वाहतो, तेव्हा मासे ओढ्याला लागतात. म्हणून सांडव्याच्या तोंडालाही बारीक जाळी हवी.

आणि गप्पी माशांचं सांगते. ते डासांच्या अळ्या खातात, म्हणून डेंग्यू-हिवतापाच्या दिवसांत आरोग्य खात्याचे लोक हौदात सोडायला देतात. गप्पी अंडी घालत नाही, पिल्लंच देते, महिन्या-महिन्याला. त्यामुळे चार मैत्रिणींना वाटायला पुरतात. पण तेही बाहेरचेच. बंद हौदात, टाक्यात ठेवा. ओढ्यात, नदीत नको. पिण्याची टाकी मात्र झाकूनच ठेवायची आणि धुऊन कोरडी करायची.

घरातला मासा नकोसा झाला तर दुकानदाराला परत द्या, नाहीतर मोठी पेटी असलेल्याला द्या. मेला तर झाडाच्या मुळाशी खोल पुरा. भाडेकरू खोली सोडताना लाईटबिल विचारतो ना आपण? तसंच विचारायचं, "माशांचं काय करणार?"

येत्या बैठकीत बचतीचे पैसे मोजून झाले की एवढा विषय काढा. आपल्या हौदातलं पाणी आपलं, पण नदीचं पाणी खालच्या बाईचंही आहे.