भाजणीची चकली आणि गावातली बिअर

(गेल्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी मंडळाच्या गप्पांच्या कार्यक्रमात केलेलं भाषण. संपादकांच्या सांगण्यावरून थोडं आवरून-सावरून इथे देत आहे.)



आजच्या विषयाची ईमेल गेली आणि मला तीन फोन आले. पहिला फोन म्हणाला, "अरे, अजून कंदील उतरवला नाही, आणि तू बिअर काय घेऊन बसलास?" दुसरा म्हणाला, "नुसतं बोलणार, की चाखायलाही देणार?" तिसरा एका वहिनींचा होता. "भावजी, आमच्या ह्यांना आणखी उत्तेजन देऊ नका!"

तिघांनाही आधीच सांगतो. लक्ष्मीपूजनाच्या ताटाशेजारी बिअर ठेवा म्हणायला मी उभा नाही. हॉलच्या नियमानुसार आज इथे फक्त मठ्ठा मिळेल, तोही कार्यक्रम संपल्यावर. माझा विषय आहे दिवाळीनंतरचे दिवस. डब्याच्या तळाशी चकल्यांचे तुकडे आणि चिवडा उरलेला असतो, गुरुवारी थँक्सगिव्हिंग, मग ख्रिसमस, आणि दर शनिवारी कोणाकडे तरी पॉटलक. याच दिवसांत आपल्या कॅलिफोर्नियातल्या दुकानांत सणासाठी केलेल्या बिअर येतात. त्या आपल्या जेवणाबरोबर कशा लागतात, हे मी आणि आमची सौ. गेली काही वर्षं करून पाहतो आहोत. त्याच्या चार गोष्टी सांगतो, आणि शेवटी एक गोष्ट जरा मनातली.

आधी थोडा इतिहास. आपण जिथे राहतो तो बे एरिया म्हणजे या छोट्या बिअरवाल्यांचं माहेरच. सॅन फ्रान्सिस्कोची जुनी अँकर ब्रुअरी बंद पडायला आली होती, तेव्हा १९६५ साली फ्रिट्झ मेटॅग नावाच्या तरुणाने तिच्यात पैसे घातले आणि ती वाचवली. १९७५ पासून त्यांनी दर वर्षी ख्रिसमससाठी वेगळी बिअर काढायला सुरुवात केली. दर वर्षी पाककृती नवी आणि लेबलवर झाडही नवं. आपल्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ दर वर्षी बदलतं ना, तसंच. १९७६ मध्ये सोनोमात जॅक मॅकऑलिफने न्यू अल्बियन काढली. ती सहा-सात वर्षांत बुडाली, पण तिच्याकडे बघून अनेकांना धीर आला. दारूबंदी १९३३ मध्ये उठली तरी घरी बिअर करायला केंद्राच्या कायद्याने परवानगी मिळाली ती १९७८ साली, जिमी कार्टर यांच्या सहीने. मग १९८० मध्ये चिकोमध्ये केन ग्रॉसमनने जुनी डेअरीची भांडी जमवून सिएरा नेवाडा सुरू केली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अख्ख्या अमेरिकेत शंभरही ब्रुअऱ्या नव्हत्या. आज नऊ हजारांच्या वर आहेत.

सगळ्याच टिकल्या नाहीत. हॉपलँडला १९८३ मध्ये निघालेली मेंडोसिनो ब्रुइंग पुढे आपल्या विजय मल्ल्यांच्या समूहाकडे गेली, आणि २०१८ मध्ये ती बंद पडली. (इथे हसायला हरकत नाही.) खुद्द अँकर २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा लोक घरचं माणूस गेल्यासारखे दारापाशी जमले होते. २०२४ मध्ये चोबानी दह्याच्या मालकाने, हमदी उलुकाया यांनी ती विकत घेतली. दहीवाल्याने बिअरवाल्याला हात दिला!

आता बिअर म्हणजे काय, ते आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेत सांगतो. जव भिजत घालायचे, त्यांना मोड आणायचे, वाळवायचे आणि भट्टीत भाजायचे. याला म्हणायचं माल्ट. मोड आले की धान्यातल्या पिठाची साखर व्हायला लागते. ते भरडून गरम पाण्यात ठेवायचं, गोड पाणी गाळून घ्यायचं, हॉप्स घालून उकळायचं, थंड करायचं आणि यीस्ट घालून आंबवायचं. माझी आई इथे आली होती तेव्हा तिला हे सांगितलं. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "म्हणजे निम्म्यापर्यंत नाचणीचं सत्त्वच की रे!" आईने एका वाक्यात सांगितलं ते समजायला मला दोन पुस्तकं लागली होती.

हॉप्स म्हणजे वेलीवर येणारी हिरवी, शंकूसारखी फुलं. कडूपणा त्यांचा, वासही बराचसा त्यांचा. वनस्पतिशास्त्राप्रमाणे ती भांगेच्या कुळातली. पण घाबरू नका, नशा भांगेचीच, हॉप्सची नाही. इकडच्या पेल एलला पपनसासारखा वास येतो ना, तो कॅस्केड नावाच्या हॉप्सचा. ही जात ओरेगनमध्ये तयार झाली आणि १९७२ मध्ये शेतकऱ्यांपर्यंत आली.

आता ताटाकडे वळू.

पहिली चकली. चकलीची खरी चव कशात असते? भाजणीत. तांदूळ, डाळी, धणे, जिरे खमंग भाजले की जो वास सुटतो, त्याच जातीचा वास भाजलेल्या माल्टला असतो. म्हणून चकलीबरोबर तांबूस रंगाची अंबर एल किंवा साधी पेल एल घ्यावी. माल्ट भाजणीशी मैत्री करतं, हॉप्सचा कडूपणा तेलकटपणा कापतो, आणि बुडबुडे जीभ धुऊन काढतात. पुढची चकली पुन्हा पहिल्यासारखी लागते. हा फायदा की तोटा, ते आपापल्या डॉक्टरांना विचारा.

दुसरी कोथिंबीर वडी, अळूवडी आणि बटाटेवडा. यांच्याबरोबर गव्हाची, जर्मन पद्धतीची हेफेवायझन. ती गढूळ दिसते, ती तशीच असते, परत करू नका. तिला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. आत केळं नसतं की लवंग नसते, दोन्ही वास त्या यीस्टने तयार केलेले. अळूवडीतल्या चिंच-गुळाशी ती फार छान बसते.

तिसरं, झणझणीत मटण. इथे माझी फजिती झाली होती. आमच्याकडे आठ माणसं जेवायला होती, सौ.ने कोल्हापुरी तांबडा रस्सा केला होता, आणि मी मोठ्या ऐटीत आयपीए आणली. म्हटलं, नावातच 'इंडिया' आहे, जुळणारच! एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून इथल्या साहेबांसाठी, म्हणजे आपल्या मुंबई-कलकत्त्याच्या साहेबांसाठी, जास्त हॉप्स घातलेली बिअर बोटीने जायची. त्यावरून ते नाव पडलं, एवढाच काय तो आपला संबंध. पहिला घास, पहिला घोट, आणि आठही माणसं पाणी मागायला लागली! कडूपणा आणि जास्त अल्कोहोल, दोन्ही तिखटाची आग वाढवतात. मिरचीतला तिखट अंश पाण्यात विरघळत नाही, आणि बिअर म्हणजे बहुतेक पाणीच. शेवटी सगळ्यांना वाचवलं ते दह्याने. तेव्हापासून तांबड्या रश्शाबरोबर आमच्याकडे असते गोडसर, माल्टच्या अंगाची, कमी कडू ब्राउन एल किंवा हलकी लागर, आणि शेजारी सोलकढी. खरं सांगू? सोलकढीच जिंकते.

चौथी टर्की. आमच्या घरी टर्कीला लोणी, मीठ आणि गोडा मसाला चोळतात. शेजारचे अमेरिकन आजोबा दोन वर्षं विचारत होते की हा वास कशाचा. तिच्याबरोबर सिएरा नेवाडाची सेलिब्रेशन एल घेतो. १९८१ पासून हिवाळ्यात येते. सणाची म्हणून तिच्यात मसाले असतील असं वाटतं, पण नाही, त्या हंगामातले ताजे हॉप्स हेच तिचं वैशिष्ट्य. ती ६.८ टक्क्यांची आहे, म्हणून छोट्या ग्लासात.

पाचवे घारगे! इथे हेवर्डला बफेलो बिल्स नावाचं ब्रूपब होतं. आता बंद झालं. बिल ओवेन्स या फोटोग्राफरने ते १९८३ मध्ये काढलं. जॉर्ज वॉशिंग्टनच्या काळी बिअरमध्ये भोपळा वापरत, हे वाचून त्याने १९८० च्या दशकात स्वतः पिकवलेला भोपळा घालून पाहिला. पण भोपळ्याची चव काही उतरेना. मग त्याने पम्पकिन पायचा मसाला घातला, म्हणजे दालचिनी, जायफळ, लवंग. आज सगळीकडे मिळते ती पम्पकिन एल त्याच वाटेने आली. आपण लाल भोपळ्याच्या घारग्यांत गूळ घालतो, वर जायफळ किसतो. दोन्ही एकत्र घेऊन बघा. वॉशिंग्टन आणि आजी एकाच पंगतीला बसल्यासारखं वाटतं.

सहावे बेसनाचे लाडू आणि अनारसे. यांच्याबरोबर काळी पोर्टर किंवा स्टाउट. खूप भाजलेल्या माल्टमुळे तिला कॉफी-चॉकलेटची चव येते, आणि ती खरपूस बेसनाला उचलून धरते. फ्रिजमधून काढून पंधरा मिनिटं बाहेर ठेवा, फार गार असली तर चव कळत नाही. श्रीखंडाबरोबर मात्र काहीही घेऊ नका. आम्ही प्रयत्न केला. श्रीखंडही गेलं आणि बिअरही गेली.

आता ती मनातली गोष्ट.

मी सांगलीचा. माझा एक मामा होता, अतिशय हुशार, तबला सुंदर वाजवायचा. तो दारूने गेला, बेचाळिसाव्या वर्षी. त्यामुळे आईच्या घरात या विषयाला बंदीच होती. मी इथे आलो, चार मित्र मिळाले, आणि आपल्याकडे सगळ्यांकडे असते तशीच आमच्याकडेही एक पद्धत पडली. बायका स्वयंपाकघरात, मुलं वरच्या खोलीत, आणि पुरुष गॅरेजमध्ये. आई यायची तेव्हा मी बाटल्या गॅरेजमधल्या कपाटात, ख्रिसमस लाइट्सच्या खोक्यामागे ठेवायचो. वय वर्षं पंचेचाळीस!

एका वर्षी तिला कंदिलाचा खोका हवा होता. ती स्वतःच काढायला गेली, आणि तिला सगळं दिसलं. ओरडली नाही. रात्री सगळे झोपल्यावर म्हणाली, "तुझा मामा सगळ्यांसमोर प्यायचा तोपर्यंत आम्हाला कळत होतं तो किती पितो ते. चोरून प्यायला लागला, आणि मग आम्हाला काही कळलंच नाही. तू पी नाहीतर नको पिऊ, पण माझ्यापासून लपवू नको."

मला त्या रात्री झोप लागली नाही. त्या थँक्सगिव्हिंगपासून आमच्याकडची बिअर गॅरेजमधून जेवणाच्या टेबलावर आली. एक बाटली चौघांत, छोट्या ग्लासांत, जेवणाबरोबर, सगळ्यांदेखत. गंमत म्हणजे पिणं निम्म्यावर आलं. टेबलावर सासूबाई समोर बसल्या असताना चौथा ग्लास कोण भरणार?

आणि दुसरी गोष्ट आपल्या आग्रहाची. जिलबीचा आग्रह ही आपली संस्कृती आहे, मान्य. पण तोच आग्रह आपण ग्लास हातात घेऊनही करतो. "एवढं काय, एक घोट घे रे! बायकोला घाबरतोस का?" आपल्यातल्या एका मित्राने प्रयत्नपूर्वक दारू सोडली. कोणाला सांगितलं नव्हतं, सांगायची गरजही नव्हती. पण दर पार्टीत कोणीतरी त्याला ग्लास द्यायचा. तो यायचाच बंद झाला. दोन वर्षं! आम्ही म्हणत राहिलो, "फार बिझी झालाय." कारण कळलं तेव्हा आठवलं, त्याच्या हातात शेवटचा ग्लास मीच दिला होता. मी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. तो आता येतो. आज इथे आहे की नाही, ते सांगणार नाही.

तेव्हा मंडळी, पदार्थांच्या जोड्या विसरलात तरी चालेल, पण थोडं लक्षात ठेवा. टेबलावर कोकम सरबत आणि ताक बिअरच्या शेजारीच ठेवा, मुलांच्या टेबलावर नको. कोणी नको म्हटलं तर का ते विचारू नका. 'नॉन-अल्कोहोलिक' लिहिलेल्या बिअरमध्येही इथल्या नियमाने अर्ध्या टक्क्याच्या आत अल्कोहोल असू शकतं, म्हणून तीही परस्पर ओतून देऊ नका. लेबलवरचा टक्का वाचा. पाच टक्क्यांची बारा औंसांची बाटली म्हणजे हिशेबाने एक पेय, दहा टक्क्यांची तेवढीच बाटली म्हणजे दोन. गाडी कोण चालवणार, ते पहिला ग्लास भरायच्या आधी ठरवा. आणि बिअर तब्येतीला चांगली, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्येच स्पष्ट म्हटलंय की दारूचं कोणतंही प्रमाण पूर्ण निर्धोक नाही. चवीसाठी घ्यायची असेल तर चवीपुरतीच घ्या. मिठासारखी.

माझा मुलगा गेल्या वर्षी एकवीस वर्षांचा झाला. थँक्सगिव्हिंगला आईने, म्हणजे त्याच्या आजीने, त्याला चकलीचं ताट दिलं आणि मला म्हणाली, "त्याला काय द्यायचंय ते माझ्यासमोर दे." मी दोन बोटं अंबर एल ओतली. त्याने चकली खाल्ली, एक घोट घेतला, आणि म्हणाला, "बाबा, चकली जास्त चांगली आहे."

आई इतकी हसली, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मामाची आठवण आली असावी. मी विचारलं नाही.

चला, मठ्ठा थांबलाय.